पासियांग आजीची दृष्ट

बाकाकाय, १९ सप्टेंबर १९९४

प्रिय एल्मेर,

आपल्या नोनॉयच्या अंगावरची पुरळ उतरली. आरोग्य केंद्रातली नर्स दोलोरेस आज सकाळी घरी येऊन बघून गेली. मानेवर थोडी लाली आहे, ती खोबरेलाने जाईल म्हणाली. तेव्हा काळजी करू नकोस. तुझं जहाज आता कुठल्या बंदरात असेल? स्वेटर घालतोस ना?

इथे सणाची गडबड आहे. यंदा चर्चच्या जेवणातलं अळू आपल्याकडे. नारळाच्या दुधात शिजवायला टोपलीभर पानं, वर अळकुड्या. शुक्रवारी मी एकटीच सोलत होते. तुझ्या आईंची शिस्त तुला माहीत आहे: हात कोरडे ठेवायचे, सोलून झालं की शिरका चोळायचा, चुलीच्या धगीवर धरायचे, साबणाने धुवायचे, मगच दुसऱ्या कशाला शिवायचं.

त्याच दुपारी पासियांग आजी भाताच्या वड्या विकून परतताना दारात थांबली. "काय गुटगुटीत झालाय गं! बापाचं नाक पळवलंस की रे, चोरा!" म्हणाली. 'दृष्ट न लागो' म्हणायचं मात्र राहून गेलं. थोड्या वेळाने नोनॉय किंचाळायला लागला, पोट लालबुंद. ज्याची दृष्ट, त्याच्याच थुंकीने ती उतरते, म्हणून आईंनी आजीला बोलावून तिच्या थुंकीचं बोट त्याच्या पोटाला लावायला लावलं. उतरलं नाही. शनिवारी पुन्हा बोलावलं. "अगं, तोंडात दात नाहीत, थुंकी तरी किती पुरवू?" आजी हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"मुद्दाम लावलीय," आई म्हणाल्या. "मनापासून पुसली असती तर उतरली नसती?"

आता बायका तिला पाहून पोरांना आपल्या मागे ओढतात. वड्या टोपलीत तशाच राहतात. उद्याच्या प्रार्थनेनंतर तिला चर्चच्या पायरीवरून उठवायचं, असं आईंनी ठरवलंय. तू शाळेत जायचास तेव्हापासून ती तिथे वड्या घेऊन बसते.

एल्मेर, आजी यायच्या जरा आधी नोनॉय झोळीतून निम्मा बाहेर आला होता. अळकुड्या अर्ध्या सोलून झाल्या होत्या. मी धावले आणि तशाच चिकाच्या हातांनी त्याला उचललं, एक हात मानेला, एक पोटाला. माझ्या हातांची आग शिरक्याने थांबली. तो रडायला लागला तेव्हाच मला कळलं होतं. मी गुपचूप त्याला धुतलं, तेल लावलं, आणि गप्प बसले.

दोलोरेसने आज पुरळ पाहिली, मग माझी लाल झालेली बोटं. आई पाणी आणायला आत गेल्या होत्या.

"अळकुड्या?"

मी मान डोलावली.

"मग मी सांगू, की तू?"

मी म्हटलं, मी.

आईंना नोनॉय रात्री त्यांच्या खोलीत हवाच आहे. "तुला पोर सांभाळता येत नाही," हे त्या आजवर नुसतं बोलत होत्या, आता पुरावा मिळेल. तू परत येईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहील, आणि त्या तुला तसं कळवतीलही. त्यांचं पत्र आलं की त्यातलं सगळंच खोटं मानू नकोस.

आज घरी काही बोलत नाही. बोलले तर उद्या मला चर्चला जाऊ देणार नाहीत. प्रार्थना संपली की आजीच्या शेजारी पायरीवर उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन. नोनॉयला कडेवर घेऊनच जाणार आहे. येताना तो माझ्या कडेवर असेल की नाही, सांगता येत नाही.

अजून तरी याच घरातली,
तुझी जोव्हिता