साबिनींची गोष्ट

मनामा, बहरीन
८ ऑक्टोबर १९७८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लग्न करून इथं आल्यापासून तुम्ही माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. म्हणून या वेळी फ्लोरी आत्याला कळवून ठेवलंय की हे वाचून होईपर्यंत तुम्हांला चहा द्यायचा नाही.

आम्ही बरे आहोत. माझी इस्पितळातली ड्यूटी चालू आहे. दत्तप्रसाद इथल्या बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्लीत एसी दुरुस्त करतात. बातमी अशी की मला पाचवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं फार वाटतं. आई असती तर विचारावंही लागलं नसतं.

तुम्ही लिहायला घेतलेला रोमचा इतिहास कुठवर आला? वर्गात तुम्ही साबिनींची गोष्ट सांगायचात. रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या नव्या गावात बायका नव्हत्या, म्हणून त्यानं शेजारच्या साबिन लोकांना उत्सवाला बोलावलं आणि त्यांच्या मुली पळवल्या. पुढे बाप सैन्य घेऊन आले, तेव्हा त्याच मुली तान्ही पोरं घेऊन बाप आणि नवरे यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मीही येते म्हणते, पण आम्ही दोघं येऊ. दोघांना घरात घ्याल का, एवढंच विचारायचं आहे.

लोभ आटला असेल, तर उरलेला तरी राहू द्यावा.

तुमची,
रोझमेरी

वसई
२९ ऑक्टोबर १९७८

चि. रोझमेरी हीस,
अ. उ. आ.

पत्र पावले. चहा मिळेना, तेव्हा वाचावे लागले.

साबिनींना पळवून नेले होते. तू आपल्या पायांनी गेलीस आणि चर्च सोडून कोर्टात सही केलीस. दाखला देताना एवढा फरक ध्यानात घ्यावा.

तू जरूर ये. फ्लोरीने आतली खोली आवरली आहे आणि मेथीच्या लाडवांच्या गोष्टी आत्ताच सुरू केल्या आहेत. त्या गृहस्थांनी मात्र येऊ नये. रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर लोक विचारतील, त्यांना मी काय सांगू?

इतिहास लॅटिन गावांपर्यंत आला आहे. हरलेल्यांनाच रोमने आपले नागरिक करून घेतले, म्हणून ते वाढले. बाकीची नगरे वेशी लावून बसली आणि संपली. हे प्रकरण मला बरे साधले आहे. पक्की प्रत तू काढून द्यायचीस, आता डोळे साथ देत नाहीत.

तब्येतीस जपावे, राग धरू नये.

निकोलस

मनामा
१४ जानेवारी १९७९

ती. मास्तरांस,
दत्तप्रसादचा नमस्कार.

मी आपणांस कधी लिहिले नाही, आज लिहिण्याची वेळ आली. रोझमेरीने मला सोडून एकटीने येणे नाकारले, हे तिने कळवले होतेच. परवा दिवस भरण्याआधीच ती बाळंत झाली. मुलगा झाला. तासाभराने गेला. डॉक्टर म्हणाले, कुठेही असती तरी हेच झाले असते. आपण मनाला लावून घेऊ नये.

एक विचारायचे आहे. रोझमेरी शुद्धीवर नव्हती. इस्पितळात जगण्याची आशा नसलेल्या ख्रिस्ती बाळांना ती स्वतः बाप्तिस्म्याचे पाणी घालते, त्या वेळचे शब्द मला तिने शिकवले होते. फादर येईपर्यंत मूल टिकेल असे दिसेना. मी पेल्यात पाणी घेतले, त्याच्या कपाळावर सोडले आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला बाप्तिस्मा दिला. नाव निकोलस ठेवले. आपणांस न विचारता ठेवले, त्याची क्षमा असावी.

त्याला इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवले आहे. पण मी वेंगुर्ल्याचा, गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस. माझ्या हातचे पाणी तुमच्यात चालते का? रोझमेरी शुद्धीवर आल्यापासून बोलत नाही. पाणी पोचले असे आपण लिहिलेत तर तिला धीर येईल. माझ्या सांगण्याने येत नाही.

कृपा असावी.

आपला,
दत्तप्रसाद

वसई
२ फेब्रुवारी १९७९

चि. दत्तप्रसाद यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चालते. आमच्या धर्मशास्त्रात स्पष्ट आहे की अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, तो कोणत्या धर्माचा हे विचारले जात नाही. रोझमेरीला सांगा की बाबांनी शपथेवर लिहिले आहे. तुम्ही केलेत ते पूर्ण झाले, त्यात काही उणे नाही.

डॉक्टरांचे म्हणणे खरे असेल. तरी माझ्या मनाला ते लागलेच आहे, आणि लागू द्या. फ्लोरी माझ्याशी बोलत नाही, तेही योग्यच आहे. रोमचे लिखाण मी बंद केले. रविवारी मिसा सुटल्यावर मी होऊन लोकांना सांगितले की माझा नातू गेला आणि त्याला माझ्या जावयाने बाप्तिस्मा दिला. बोलताना मला रडू आवरले नाही.

तिला प्रवास झेपणार नाही, तुम्हांला रजा मिळणार नाही. म्हणून मीच यावे म्हणतो. आजपर्यंत मी मुंबईच्या पलीकडे गेलेलो नाही. पासपोर्ट आणि व्हिसा कसा काढतात ते कळवा. पण आधी रोझमेरीला विचारा, मी आलेला तिला चालेल का. ती नको म्हणाली, तर तसेच लिहा.

उत्तर येईपर्यंत दोघांनी एकमेकांना सांभाळावे.

तुमचा सासरा,
निकोलस