दोन फाटकं, एक रांग

दारव्हा, ११ जानेवारी २००६

आदरणीय नलूताईस अतुलचा मनापासून जयभीम.

इकडे सगळे बरे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या खोकल्यासाठी अडुळसा पाठवतो आहे (ते पितील अशी अपेक्षा नाही). रविवारी पायलचे वडील धर्मपालजी मला पाहायला येणार, हे समजलं. स्थळ मला अगदी मनापासून हवं आहे, म्हणूनच आधी घडलेलं सांगून टाकतो.

यंदा व्यापारी फिरकेनात, त्यामुळे कापसाच्या सगळ्या बंड्या, बैल जुंपलेल्याच, सरकारी खरेदी केंद्रावर. तिथल्या रांगेचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला. रीत अशी, की आधी 'रांग' हा ऑब्जेक्ट बनवायचा आणि मग त्याच्याकडून पुढची बंडी मागायची. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बटणं बनवणारा आमच्या कामातला क्षितिज म्हणाला, एवढी यातायात कायले? नुसतं 'पुढची' म्हटलं की बंडी आली पायजे. मी भिडेखातर मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीच्या, आतच एक रांग बनवून ठेवली, तिच्या नावाआधी खालची रेघ ओढून ती लपवली (पायथनमध्ये एवढ्या रेघेवर लोक 'आत येऊ नका' हे समजून घेतात, आपल्याकडे कडी लावूनही घेत नाहीत) आणि तिची कामं मॉड्यूलचीच फंक्शन असल्यासारखी बाहेर मांडली. क्षितिजने मला चहा पाजला.

मग केंद्राने जिनिंगच्या मागे दुसरं फाटक उघडलं. क्षितिजने त्याच प्रोग्राममध्ये तिथेही 'पुढची' जोडलं. कोणत्या रांगेतली पुढची, हे विचारायची सोयच मी ठेवली नव्हती. आत रांग एकच. पहिल्या फाटकावर उभ्या बंडीचा पुकारा दुसऱ्यावर व्हायचा. ती वळसा घालून पोचेस्तोवर पाळी गेलेली, की पुन्हा शेवटी नंबर, आणि मग पुकारा पहिल्या फाटकावर.

मंगळवारी धर्मपालजींच्या बंडीने असे पाच वळसे घातले (तिसऱ्यापासून बैल आपणच वळत होते). तू पाठवलेल्या पायलच्या घरच्यांच्या फोटोमुळे मी त्यांना ओळखलं. पाणी दिलं. ते म्हणाले, "हे कोन्या येड्यानं बनोलं? मले त्याले भेटाचं हाय." मी म्हटलं, तो रजेवर आहे. मग अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून त्याचा उद्धार केला. माझ्या दोन शिव्या जास्तच भरतील. ताई, मला फार लाज वाटते आहे.

भाऊजींना जयभीम, पोरांना पापा.

तुझा अतुल

ता. क. तू शनिवारीच ये. धर्मपालजींनी माझं काम विचारलं तर केंद्रावर पाणी देतो म्हणून सांग. खोटंही नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच शेजारचे भावसिंगकाका धर्मपालजींचा निरोप घेऊन आले: "पोराचा फोटो माह्याजवळबी होता, मांगं त्याचं कामबी लिवलं होतं. सोताले इतक्या शिव्या देनारा पोट्टा मी आजवर पायला नाई. पोरगी देतो, पन पयले दोन फाटकांच्या दोन रांगा कर." तेव्हा शनिवारी येऊ नकोस, मी केंद्रावर असेन.