त्या कादंबरीतलं एक पान

हिमायतनगर, हैदराबाद

प्रिय आई,

मी बरी आहे. होस्टेलचं वरण, इथं त्याला पप्पू म्हणतात, आता आवडायला लागलंय. वाढणारी सरोजा अक्का मला मुद्दाम एक पळी जास्त घालते. बाबांचा खोकला थांबला का?

वॉर्डननं तुला फोन केला म्हणे, पोरगी भलती पुस्तकं वाचून रडते. अगं, ती कादंबरी इथं सगळ्याच मुली वाचतात. शेवटी त्यातलं कुणीच जिवंत राहत नाही, म्हणून त्यांना आवडते. मी मात्र एकच पान परत परत वाचते. त्यात बहीण मेलेल्या भावाचे केस ओले करते, नीट भांग पाडते आणि मग त्याला नेऊ देते.

तिला ते करू दिलं, आई.

गेल्या वर्षी माझ्या पाठचा चैतू गेला, तेव्हा त्याला दवाखान्यातून घरी आणायच्या आधीच तुम्ही मला मावशीकडे पाठवलंत. लेकरांनी बघू नये म्हणून. मावशीनं तेरा दिवस टीव्ही चालू ठेवला. परत आले तर त्याची कॉटसुद्धा नव्हती. मला अजून वाटतं, तो ट्यूशनला गेलाय.

रागावले नाही गं. तू तरी कुठं शुद्धीवर होतीस?

पुढच्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध. परीक्षा असली तरी मी येणार. त्याचं पान मी वाढीन. फक्त मावशीला सांगून ठेव, यंदा मला न्यायला येऊ नकोस.

दुपारी जरा पडत जा.

तुझीच,
वेदू