हळदीच्या मांडवामागची सतरंजी

२६ एप्रिल

वरकुट्याला दारूविरोधी गावसमितीचं प्रशिक्षण घेतलं. मी नेहमीचीच वाक्यं बोलले. अठराच्या आतल्या पोराला पहिला घोट दुकानात मिळत नाही, हळदीत मिळतो, आणि घरातलाच कुणीतरी देतो. म्हणून समितीनं हळदीला जायचं. भाषण नाही, भांडण नाही. नवरदेवाला हळद लावायची आणि मांडवामागं, बाटल्यांची पिकअप जिथं लावतात, तिथं सतरंजी टाकून बसायचं. काकू-मावश्यांसमोर पोरं ग्लास उचलत नाहीत. गाडी हलली तर आपणही उठून तिच्यामागं जायचं.

एका तात्यांनी विचारलं, "सरपंचाच्या घरची हळद आसंल तर?" म्हटलं, कुणाचंच घर सोडायचं नाही. टाळ्या पडल्या. हल्ली टाळ्यांचं काही वाटत नाही. परतीच्या एसटीत झोप लागली. बारामतीला कंडक्टरनं उठवलं.

२९ एप्रिल

विलासचा फोन. माझा धाकटा भाऊ, पिंपळीला असतो. त्याच्या थोरल्याची, प्रतीकची, हळद ९ मेला, लग्न १० ला.

"ताई, पोरांच्या पिण्याची सोय करावी लागतीया. तुज्या समितीच्या बायका माज्या मांडवात नकोत."

आदी पण बसणार का, विचारलं. आदी धाकटा. आत्ताच दहावीची परीक्षा दिली.

"सख्ख्या भावाची हळद हाय. त्यानं काय दूध प्यायचं व्हय?"

लग्न बौद्ध पद्धतीचं, त्यात सगळे उभे राहून पंचशील म्हणणार, दारू वर्ज्य म्हणणार, त्याचं काय, म्हटलं. "ते दुसऱ्या दिवशी," म्हणाला. अगदी सरळ म्हणाला. बघते म्हटलं. बघते म्हणजे काय, ते माझं मलाच…

२ मे

पिंपळीची समिती. मीच उभी केलेली. सुमनकाकू प्रमुख. शिवणकाम करतात, विलासच्याच गल्लीत राहतात.

"मॅडम, नऊ तारखंला कुणाची हळद हाय, म्हाईत हाय न्हवं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"जायचं का न्हाय ते तुमीच सांगा."

ठरलंय तसंच, मी म्हणाले. आवाज रोजचाच निघाला. घरी येऊन कपडे धुतले.

५ मे

वहिनी फोनवर रडत होती. विलास म्हणतोय, बायका आल्या तर ताईनं लग्नाला येऊ नये, पुढंही कधी येऊ नये.

आई गेल्यापासून ते एकच माहेर. न सांगता जावं, आडवं व्हावं, कुणी का आलीस विचारू नये, असं दुसरं घर मला नाही. ते जाईल. एवढी एक हळद सोडा, असं काकूंना सांगायला कितीसा वेळ लागतो. नंबर काढला. फोन ठेवून दिला. भाकरी खाल्ली, चव कळली नाही.

९ मे

ऊन उतरल्यावर गेले. प्रतीकला हळद लावली. डीजेपुढं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. चौघीजणी आल्या, काकूंच्या काखेत सतरंजी. विलास माझ्याजवळ आला. "ताई, सांग त्यास्नी."

मी सांगितलं नाही. त्यांच्यात जाऊन बसलेही नाही. हळदीचं ताट धरून उभी, शोभेची. काकूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सतरंजी अंथरली.

थोड्या वेळानं पिकअप कॅनॉलकडं निघाली. मागं पोरं, त्यात आदी. काकूंनी सतरंजी गुंडाळली. "मॅडम, येताय?"

"गेलीस तर उद्या येऊ नगंस," विलास म्हणाला.

ताट वहिनीच्या हातात दिलं आणि गेले. धाडस वगैरे काही नव्हतं. पाय चालत होते.

कॅनॉलवर गाडीशेजारीच बसलो. आदी जवळ आला. "आत्या, ऊठ की. पोरं हसत्यात मला." तोंडाला वास. एक ग्लास तरी झाला होता. बाकीची पोरं कंटाळून पांगली. हा बसून राहिला, माझ्या पदराशी चाळा करत, लहानपणी करायचा तसा. त्याला रागवावं असं वाटलं नाही, जवळ घ्यावं असंही नाही.

१० मे

विलासचा फोन नाही. वहिनीचाही नाही. पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली.

सुमनकाकूंचा आला. "मॅडम, आमी चौघी निघालोय लग्नाला. विलासराव सकाळच्याला घरी येऊन आवतण देऊन गेलं. म्हणलं, काल झालं ते झालं, जेवायला या."

माझं काही बोलला का, विचारलं.

काकू म्हणाल्या, "तुमी आमच्यात या. समितीच्या म्हणून."

नवरदेवाची सख्खी आत्या, आणि गावच्या बायांबरोबर पाहुणी म्हणून जायचं. इतक्या दिवसांत आता पहिल्यांदा रडू आलं, काकूंना ऐकू गेलं असणार. पिंपळीच्या फाट्यावर थांबतो म्हणाल्या.

साडी नेसलेय. अजून घरातच आहे.