वरच्या सुरावर बंद पडतं

सोमवार, ३

नवी नोकरी, नवी खुर्ची, शिवाय खिडकीसुद्धा! गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आहे. ते कुणाकडे मध्येच बंद पडलं की का पडलं हे शोधायचं माझं काम. आज दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचल्या आणि हसून हसून पुरेवाट झाली. एकाने फक्त ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंय. दुसऱ्याने माईकची वायरच लावली नव्हती, आणि वर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय.

साहेबांनी कामाची रीत समजावली. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. आधी वायर, मग माईक, मग मशीन. आणि आपल्याकडे तस्संच बंद पाडून दाखवल्याशिवाय तक्रार निकालात काढायची नाही. आलेल्या आणि चाचणीच्या सगळ्या फायली दर शुक्रवारी सहाला आपोआप पुसल्या जातात, जागा अडू नये म्हणून. माणूस शिस्तीचा, पण बोलायला गोड. मुलाखतीतसुद्धा आपुलकीने विचारलं होतं, घरी कुणी गाणारं आहे का. मी लगेच धाकटीचं कौतुक सांगत बसले. माझा स्वतःचा गळा म्हणजे फुटका भोंगा, पण बहीण तर माझीच ना!

बुधवार, ५

एक तक्रार मानगुटीवर बसलीय. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंची आहे. वरचा सूर लागला की सॉफ्टवेअर बंद पडतं, असं म्हणतात. पुढे लिहिलंय, तेव्हापासून माझा आवाज गेला आहे, कृपया परत करावा. हे मी नाकातल्या नाकात बोलत सगळ्यांना वाचून दाखवलं. अख्खं ऑफिस लोळलं. बाई, घसा बसला तर डॉक्टरकडे जा, आमच्या डोक्याला कशाला ताप?

वायर बदलली, माईक बदलला, तीन मशीनं पालथी घातली. बंद पडेल तर शपथ. शेवटी मी स्वतः गायले. माझ्या गाण्याने माणसं उठून जातात, सॉफ्टवेअर मात्र ढिम्म. साहेब म्हणाले, आता बदलायचा राहिला तो फक्त गळा. बहिणीला घेऊन या की.

सोमवार, १०

धाकटी आली. शनिवारी नाट्यगृहात तिची निवडचाचणी आहे. चार वर्षं ती या एका दिवसासाठी घासतेय. म्हणाली, ताई, तेवढाच माझा सराव होईल. चपला काढून काचेच्या खोलीत उभी राहिली, कारण चपला घालून तिला गाताच येत नाही. मुखडा झाला, अंतरा झाला, आणि ती वरच्या सुरावर गेली तसं सॉफ्टवेअर फट्कन बंद. मी तर नाचलेच! साहेबांनी पाठ थोपटली.

धाकटी बाहेर आली ती नुसते ओठ हलवत. मला वाटलं चेष्टा करतेय. पुरे झालं नाटक, म्हटलं.

मंगळवार, ११

नाटक नाही. डॉक्टर म्हणतात घशाला काहीही झालेलं नाही. पण आवाज नाही. बाईंची तक्रार आठवली. धाकटीला त्यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी तिच्या हातून काचेचा ग्लास पडला. फुटला, तुकडे माझ्या पायाशी आले, आणि आवाज झाला नाही. तिची पावलंही वाजत नाहीत. मी वळले की ती पाठीशी उभी असते आणि मी दचकते. आधी तिला हसू येत होतं. दुपारपासून ती नुसती रडतेय.

ऑफिसात कालची फाईल पाहिली. बंद केलेली फाईल, तरी वाढलीय. हेडफोन लावला. सुराच्या पुढे ग्लास फुटल्याचा आवाज आहे. मग हुंदके. तिचेच.

बुधवार, १२

घरी फोन लावून तिला बोलायला सांगितलं. फोनमध्ये शांतता, आणि हेडफोनमध्ये ती! म्हणाली, ताई, ऐकू येतंय का, तू केलेली भाजी खारट झालीय. मी हसले, मग टेबलावर डोकं ठेवून रडले. कुणी वर पाहिलं नाही.

फाईलची प्रत काढली. प्रतीत काही नाही.

मग गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या नंबरवर फोन केला. मुलीने उचलला. आईचा आवाज गेला, मग पावलांचा गेला, मग डॉक्टरांच्या नळीत छातीचे ठोकेही येईनात. पण हिंडत होती, फिरत होती. शुक्रवारी सहाच्या सुमारास खुर्चीत बसली ती उठलीच नाही. गेला शुक्रवार.

आणि मी ते नाकात वाचून दाखवलं होतं.

गुरुवार, १३

साहेबांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं. म्हणाले, तक्रार निकालात निघाली. कारण सापडलं, गळा सुरेल असणं. उपाय नाही. एकीसाठी शुक्रवारचं पुसणं थांबवता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा. मग हळू आवाजात म्हणाले, तुमच्या आधीच्यांनी अशाच एका तक्रारीसाठी बायकोला आणलं होतं. पण ती बेसूर निघाली. म्हणून तर तुम्हाला घेतलं.

या फायली ज्यावर साठतात तो सर्व्हर कुठल्या गावात आहे तेही कुणी सांगत नाही.

घरी धाकटीच्या छातीला कान लावला. ऊब आहे. बाकी — तिला गुदगुल्या झाल्या. तोंड भरून हसली. मला काही ऐकू आलं नाही.

शुक्रवार, १४

तिला सांगितलं नाही. सांगून काय —

दुपार. साहेबांनी हेडफोन लावून खुर्चीवर बसू दिलं. फार उपकार.

पुन्हा प्रत काढली. रिकामी. पुन्हा. रिकामी —

साडेपाच. फोन लावून ठेवलाय. हेडफोनमध्ये तिची पावलं ऐकू येतात, नळाचं पाणी येतं. आणि खाली, अगदी खाली, ठोके. आहेत. इथे आहेत —

ती विचारतेय, आवाज उद्यापर्यंत येईल ना गं? मी हो म्हटलं.

पावणेसहा. साहेब दिवे मालवत निघालेत. मला हात केला —

म्हटलं, गाऊन दाखव, मी ऐकतेय. चपला काढल्याचा आवाज. मुखडा. किती गोड. मी पेन्सिलीने ठेका धरलाय, तिला फोनवर ऐकू जावा म्हणून —

अंतरा. सहाला एक मिनिट. घाई करू नको गं, सावकाश, सावका— नाही, घाई कर, लवकर —

आता वरच्या सुरावर ती