आमच्या गावची लेक

ताडकळस, मंगळवार

तीर्थस्वरूप मुंजाजीमामांना,

भाची राजेश्रीचा नमस्कार. नीलममामींचे गुडघे, केयूरची डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी आणि ती जिथे चालली आहे ती माझी जुनी खोली, सगळं ठणठणीत असावं. (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पोस्टमन दार वाजवतो, त्याला कट करता येत नाही.) आमच्याकडे आई बरी आहे. ती रोज विचारते, ॲडमिशनचं काय झालं, आणि मी रोज सांगते, होतंय.

ते कसं होतंय ते ऐका. तुमच्याकडे राहून मी बी.ए.ची दोन वर्षं केली, त्याची अठ्ठ्याऐंशी क्रेडिट मिळाली. ती घेऊन तिसऱ्या वर्षाला परभणीच्या कॉलेजात जायचं ठरलं (घरून जाणं-येणं होईल, आईलाही सोबत, असं तुम्हीच सुचवलंत, खोली रिकामी करायच्या आदल्या आठवड्यात). इथल्या कॉलेजच्या समितीने महिनाभर माझे कागद पाहिले आणि चार क्रेडिट बाद केली, कारण त्यांच्या जागी इथे वेगळा विषय आहे. विषयाचं नाव, ग्रामीण जीवन परिचय. मामा, मी दहावीचा अभ्यास सोयाबीनच्या रानात केलेली मुलगी. समितीच्या सरांना म्हटलं, मी खेड्यातच राहते. ते म्हणाले, स्वतःचं गाव चालत नाही, अनोळखी गाव पाहिजे. वीस घरांची पाहणी करा, सरपंचाचं पत्र आणा. एकतीस तारखेच्या आत नाही आणलं तर वर्ष वाया.

म्हणून झरी गाव गाठलं. तिथे मी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. पाहणीच्या फॉर्मवर एक रकाना आहे, माहिती देणाऱ्याशी नातं. तिथे "नाही" लिहायचं असतं, हे मला नंतर कळलं. पहिल्याच घरी सुलाबाई भेटल्या. "कोन्या गावची गं तू? ताडकळसची? मनकर्णाची लेक तर न्हाई? मंग मी तुजी मावशी लागते की. बस, च्या टाकते." मी प्रामाणिकपणे रकान्यात "मावशी" लिहिलं. दहाव्या घरापर्यंत मी भाची, नणंद, आत्या आणि एका ठिकाणी होणारी सून झाले होते (मुलगा घरी नव्हता, एवढं नशीब). वीस घरं झाली, वीस नाती झाली, चौदा कप चहा झाला. शेवटी सरपंच कस्तुराबाईंनी कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली आणि लेटरहेडवर लिहून दिलं: राजेश्री ही आमच्या गावची लेक असून तिने पाहणी पूर्ण केली आहे. खाली सही, शिक्का.

सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, म्हणजे हेही तुमचंच गाव. मग कोरा फॉर्म देऊन नातेवाईक नसलेलं गाव निवडायला सांगितलं. असं गाव परभणी जिल्ह्यात असेल तर मला कळवा. मी बसस्टँडवर बसून रडले. सगळं करूनही मी चुकीची ठरले, याचा राग अजून जात नाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, केयूरला आशीर्वाद.

आपली भाची,
राजेश्री

ता.क. माझ्या जुन्या कॉलेजात चौकशी केली. तिथे अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी क्रेडिट जशीच्या तशी आहेत. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश पुढच्या शनिवारपर्यंत चालू आहे.

ता.क. २. खोली केयूरलाच असू द्या. मी गॅलरीत झोपेन, व्यायामाच्या सायकलशेजारी. एकच वर्ष.

ता.क. ३. कस्तुराबाईंच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्यांची माझी ओळख अर्ध्या तासाची. तुमच्या सोसायटीच्या रजिस्टरात मात्र दोन्ही वर्षं माझ्या नावापुढे "पाहुणी" असं लिहिलेलं होतं. अक्षर तुमचं होतं, मामा.