हरवायचं तर नीट हरवा

मंगळवार, ४ मार्च

शी! 'सगळ्यांना खेळता येईल असा गेम' म्हणे! मी ठार आंधळी, म्हणून माझ्यासाठी त्यात खास सोय आहे. एक बटण दाबून धरायचं. नायक आपोआप चालतो, आपोआप वळतो, दरी आली की आपोआप उडी मारतो, राक्षस आला की आपोआप त्याला कापतो. आणि मी काय करायचं? बटण दाबून धरायचं! संध्याकाळभर धरलं. अंगठा बधिर झाला. शेवटी टाळ्या वाजल्या आणि गेममधला कुणी म्हातारा मला म्हणाला, "शाब्बास वीरा!"

कसला वीर? मी गाठोडं. गाठोडं इकडून उचलून तिकडे ठेवलं आणि वर गाठोड्यालाच शाब्बासकी. ह्या गेमला बक्षिसं मिळालीत म्हणे. देणाऱ्यांनी तो डोळे बांधून एकदा तरी खेळायचा होता.

मी टाइप करते तसं लॅपटॉपमधली बाई मला कानात वाचून दाखवते. तिचा आवाज इतका गोड की 'शी' सुद्धा ती पाहुण्यांचं स्वागत केल्यासारखं म्हणते.

बुधवार, ५ मार्च

दुसऱ्या एका गेमचा मेनू मुका. पाठ केला होता – खाली, खाली, उजवीकडे, दाब. आज अपडेट आलं, त्यांनी मधेच एक नवी ओळ घुसडली. मी आपली सवयीने खाली, खाली, उजवीकडे, दाब. सगळा साठवलेला खेळ पुसला गेला. सगळा!

नवरा म्हणाला, "परत खेळ की. तेवढाच वेळ जाईल." फ्रिज दुरुस्त करतो तो. उद्या त्याचा दुरुस्त केलेला फ्रिज कुणी पुन्हा मोडून ठेवला आणि म्हणालं, परत कर की, तेवढाच वेळ जाईल, मग बघू!

शनिवार, ८ मार्च

आता खास आंधळ्यांसाठी केलेले गेम. त्यांची तऱ्हाच वेगळी. प्रत्येकात एक गुहा. पाण्याचा थेंब टपकतोय. वटवाघळं फडफडतायत. नायक आंधळा, त्याला कुणीतरी सोडून गेलेलं, आणि मागे व्हायोलिन रडतंय.

अरे बाबांनो, मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचा फोन घेते. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमधली माणसं माझ्या कानात बोंबलतात. खरा घाबरलेला कोण आणि उगाच थयथयाट करणारा कोण, हे मी पहिल्या श्वासाला ओळखते. घरी येऊन कपडे वाळत घालते, नवऱ्याशी भांडते. वटवाघूळ अजून एकदाही भेटलेलं नाही. पण ह्यांच्या डोक्यात आंधळं माणूस म्हणजे गुहा. वीट आला!

रविवार, ९ मार्च

त्यातल्या त्यात एकच गेम धड. मारामारीचा. दोघं समोरासमोर, एकाच रेषेत. मी डाव्या कानात, शत्रू उजव्या कानात. तो जवळ आला की आवाज मधे सरकतो. लाथेचा आवाज वेगळा, बुक्कीचा वेगळा, अडवलं तर ठक्, लागलं तर धप्. आंधळ्यांसाठी म्हणून कुणी काहीही केलेलं नाही, आणि म्हणूनच झकास आहे. खोड्या आहेत – उडीला आवाजच नाही, त्यामुळे वरून येणारी लाथ नेहमी माझ्या टाळक्यात. आणि बर्फाच्या मैदानातलं संगीत इतकं कर्कश की ते करणाऱ्याला आमच्या कंपनीच्या लिफ्टमध्ये कोंडावं. पण प्रामाणिक गेम. मी नेहमी एक जाडी बाई घेऊन खेळते. चालली की धरणी हादरते. आम्ही तिला हत्तीण म्हणतो.

दर रविवारी धाकटा दीर येतो, आम्ही खेळतो. हल्ली मी फार जिंकत होते. आज त्याचं कारण कळलं. माझ्या लाथा सुरू झाल्या की शेजारी त्याच्या बटणांची टकटक बंद होते. बंद! अंगठे वर धरून बसतो गाढव. गेमचा आवाज खाली करून मी नीट ऐकलं. तीन डाव, तिन्हीत तेच.

"वहिनी, काय भारी खेळतेस!"

कंट्रोलर सोफ्यावर फेकला. मी म्हणाले, "हरवायचं तर नीट हरवा, नाहीतर खेळू नका!" तो म्हणतो, "अगं, मला वाटलं तुला बरं वाटेल." बरं! परवाचा तो गेमवाला म्हातारा आणि हा, दोघं एकाच माळेचे मणी.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काय रडारड चाललीय? दे तो रिमोट इकडे." बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला आणि माझ्या हत्तिणीला असं बडवलं, असं बडवलं की विचारू नका. एकदाही थांबल्या नाहीत. वर म्हणाल्या, "ह्यात काय एवढं? उगाच कांगावा."

गुरुवार, १३ मार्च

सासूबाईंबद्दल मी रविवारपर्यंत इथे काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं गोड काही नव्हतंच.

लग्न ठरलं तेव्हा त्या आतल्या खोलीत म्हणाल्या होत्या, "डोळस मुली संपल्या का जगातल्या?" भिंत पातळ आणि माझे कान तिखट. तेव्हापासून आमच्यात 'जेवण झालं का' आणि 'दार लावून घे', एवढंच. घरात सगळे माझ्या वाटेतली खुर्ची हळूच उचलून बाजूला ठेवतात. त्या ठेवत नाहीत. मी आपटले की म्हणतात, "काठी कशाला दिलीय?"

कोर्टात टायपिस्ट होत्या. निकाल टाइप करताना वकील उभे राहून त्यांची बोटं बघायचे म्हणे. निवृत्तीला घेतलेलं जुनं मशीन अजून खोलीत आहे, झाकून. म्हणूनच रविवारी त्यांनी कंट्रोलर मांडीवर उताणा ठेवला आणि चार बोटांनी बडवला. पावसाची सर पत्र्यावर पडावी तशी टकटक.

रविवार, १६ मार्च

सपाटून हरले. सहा डावांत एक माझा, तोही त्यांना शिंक आली म्हणून. जिंकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझी ती म्हैस आहे की कोण, तिला सांग घरी बसायला."

हत्तीण, आई. हत्तीण!

किती तरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. दीर कोपऱ्यात बसून वडे खाल्ल्यासारखी बिस्किटं खात होता, त्याला खेळायलाच मिळालं नाही.

रविवार, २३ मार्च

मी जिंकले. बऱ्याचदा. नाचावंसं वाटायला हवं होतं. पण काहीतरी खटकतंय. टकटक सुरू होते आणि मधेच तुटते. पुन्हा सुरू, पुन्हा तुटते.

त्यांनी आज एकही शिवी दिली नाही.

रविवार, ३० मार्च

किळस आली. सगळ्यांची.

पहिल्याच डावात ओळखलं. माझी हत्तीण पुढे सरकली, आणि शेजारी बटणं थांबली. मी मुद्दाम मागे गेले, तर चालू. परत पुढे गेले, तर परत थांबली. अगदी दिरासारखं! त्यानेच शिकवलं असणार.

मग माझा तोल गेला. "आई, तुम्हीसुद्धा? एवढे दिवस वाटत होतं, ह्या घरात एक तरी माणूस माझ्याशी सरळ वागतं. डोळस सून मिळाली नाही म्हणून राग धरलात, चालला मला! ती दया नव्हती! पण हे असं मुद्दाम हरणं? मला नको तुमची दया. कुणाची नको!"

नवरा "अगं, अगं" करत राहिला. मला वाटलं, सासूबाई आता फाडून खातील. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि खोलीत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बरं. केली दया. काय करशील?"

म्हणजे कबूल! माझे कान फसत नाहीत. फसले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, १ एप्रिल

घर मुकं. 'जेवण झालं का' सुद्धा बंद. कामावर एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती, तिला मी म्हटलं, ओरडून काय उपयोग, बसून राहा. साहेबांनी झापलं. बरोबरच झापलं.

गेम सुरू केला नाही. सगळे गेम, सगळी माणसं, एका दोरीत बांधून फेकून द्यावीत.

शुक्रवार, ४ एप्रिल

कंपनीची फोनलाइन बंद पडली, दुपारीच घरी आले. आवाज न करता कुलूप उघडलं, कुणाशी बोलायचंच नव्हतं.

खोलीतून टाइपरायटर वाजत होता.

दारापाशी उभी राहिले. पत्र वगैरे नव्हतं ते. शिकाऊ मुलींना देतात तो धडा. एकेका बोटाने तीच तीच चार अक्षरं, पुन्हा पुन्हा. डावा हात झरझर. मग उजव्याची पाळी – टक, टक... आणि थांबलं. मग उशिरा एक टक. मग दोन एकदम, दांड्या एकमेकींत अडकल्याचा आवाज. सासूबाईंनी त्या सोडवल्या, स्वतःलाच एक अर्वाच्य शिवी दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तीच तुटकी टकटक. अगदी तीच! रविवारची!

मशीनवर कोण दया करतं? तिथे हरवायला आणि जिंकवायला होतंच कोण! मी पुढे सरकल्यावर त्या थांबत नव्हत्या. मी पुढे सरकल्यावर घाई करावी लागायची, आणि घाईत बोटं अडायची.

आत गेले. "आई, हे कधीपासून?"

त्यांनी मशीनमधला कागद ओढून काढला. मग – "कुणाला सांगितलंस तर बघ."

"मी एवढं बोलले तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलं? वर 'केली दया' म्हणालात!"

"म्हणाले. बरं वाटलं ते ऐकून." त्यांनी मशीनवर झाकण टाकलं. "दया करणाऱ्याचे हात धड असतात."

मी त्यांच्या पलंगावर बसून रडले. लाज वाटली, इतकी लाज की अंगावरची कातडी नकोशी झाली. ज्या कानांचा एवढा तोरा मिरवते, त्यांनी सगळं बरोबर ऐकलं, आणि मी त्याचा अर्थ लावला स्वतःपुरता. जगातली सगळी बटणं माझ्यासाठीच थांबतात, नाही का!

सासूबाई म्हणाल्या, "पुरे. पलंग भिजवू नकोस."

मग आमचं ठरलं. डॉक्टरकडे जायचं. घरी त्यांनी सांगायचं, सुनेचे कान तपासायला नेतेय, असं मीच सुचवलं.

"कानांना काय झालंय तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं ते कळलं नाही ना त्यांना."

हसल्या. खरंच हसल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

मेंदूचा आजार. हळूहळू वाढणारा. गोळ्यांनी कडकपणा कमी होईल, पण बोटं पूर्वीसारखी होणार नाहीत. डॉक्टर चांगला होता, गोलगोल बोलला नाही. येताना रिक्षात सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणजे त्या मला नेत होत्या की मी त्यांना, कुणास ठाऊक. "आता दोघींत मिळून एक धड बाई," म्हणाल्या.

डॉक्टरच म्हणाला घरी सांगा, म्हणून सांगितलं. आणि झालं सुरू! नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला, माझ्याशी बोलताना सगळ्यांचा येतो तसा. चहाचा कप अर्धाच भरून दिला त्यांना. दीर धावत आला, मला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजतो, "वहिनी, रविवारी जरा... आईला जिंकू दे हं. तेवढंच तिला बरं वाटेल."

आणि सगळ्यात घाण गोष्ट सांगू? त्याच्या आधीच मी तेच ठरवून बसले होते. हत्तीण थोडी मागे ठेवायची. समोरून आलेल्या लाथा अडवायच्या नाहीत. कळणार कुणाला?

रविवार, १३ एप्रिल

तिसऱ्या डावात त्यांची टकटक तुटली. माझा अंगठा आपोआप वर आला.

"हात का थांबला गं?" सासूबाईंनी विचारलं. हळूच. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मी अंगठा खाली आणला. हरवलं त्यांना. नीट हरवलं, सगळे डाव. दीर "वहिनी, अगं काय हे!" म्हणून ओरडला.

"तू गप रे," त्या म्हणाल्या. मग त्या म्हशीला एक सणसणीत शिवी, आणि मला म्हणाल्या, "लाव परत."